पद्मिनीला टायर टाकायचेत आणि बजेट टाईट आहे? मग असं करा

आपली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, वर्षाला चालते किती, तर रविवारी सकाळी एक चक्कर, गणपतीत जमलं तर गावाला आणि मधेच कोणाच्या तरी लग्नात नवरदेवाला मिरवायला. त्यामुळे होतं काय की टायरची नक्षी चांगली दिसते आणि आपण म्हणतो अजून भरपूर बाकी आहे, चालू दे. पण अशा गाडीचा टायर झिजून जात नाही, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो, रबर कडक होतं, साईडला बारीक चिरा पडतात आणि मग पहिल्या पावसात ब्रेक दाबला की गाडी सरळ पुढे घसरत जाते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) वगैरे भानगड नाही, म्हणजे रस्त्याला पकडून ठेवायचं सगळं काम टायरवरच आहे.

तर कमी पैशात करायचं असेल तर माझं म्हणणं सरळ आहे, माल ताजा घ्या, साईज सहज मिळणारी घ्या आणि चारही टायर एकसारखे घ्या. पांढरी पट्टी, मूळ कंपनीचा मूळ पॅटर्न ही सगळी हौस त्यानंतर.

आधी आत्ताचे टायर नीट वाचा

दुकानात जायच्या आधी अर्धा तास घरीच घालवा. टायरच्या साईडला डॉट (DOT) असं लिहिलेलं असतं आणि त्या लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे ३८१९ असेल तर २०१९ सालचा अडतिसावा आठवडा. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि नशीब असं की ती बाजू नेमकी आतल्या अंगाला आलेली असते, मग मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घालायचं, पर्याय नाही. शेवटी चारच्या ऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, पुढे काही बघत बसू नका, काढून टाका.

पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर काढून आतून-बाहेरून बघायचा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदलायचा. स्टेपनीला पण हाच नियम, उलट स्टेपनीकडे कोणी बघतच नाही म्हणून जास्त. पहिल्या मालकाच्या काळातली स्टेपनी डिकीत तशीच पडलेली असते आणि 'अजून नवीकोरी आहे बघा' म्हणून लोक कौतुकाने दाखवतात.

चिरा बघायच्या तर फक्त साईडला बघून भागत नाही, नक्षीच्या खाचांच्या तळाशी बघा, नखाने खाच जरा फाकवून. तिथे चिरा असतील तर टायर संपला. खाचांच्या मधे छोटे आडवे उंचवटे असतात, ती झिजेची खूण, १.६ मिलीमीटरची, रबर त्यांच्या लेव्हलला आलं की कायद्याने पण टायर बाद. आणि साईडला कुठेही फुगा आलेला असेल तर त्या टायरवर गाडी पंक्चरवाल्यापर्यंत पण नेऊ नका, स्टेपनी लावून न्या.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक करत नाहीत आणि मग नवीन टायर सहा महिन्यात खाऊन बसतात. जुना टायर कसा झिजलाय ते बघा. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधे नक्षी आहे म्हणजे हवा कमी ठेवली जात होती, मधेच झिजलाय म्हणजे हवा जास्त, एकाच कडेला झिजलाय म्हणजे अलाइनमेंट गेलंय किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) ढिले झालेत, आणि टप्प्याटप्प्याने खड्डे खड्डे पडल्यासारखा झिजलाय तर बहुधा शॉकअब्सॉर्बर बसलेत. मग जॅक लावून पुढचं चाक उचला, एक हात वर आणि एक खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, खेळ गेला तर बेअरिंगचा होता, तसाच राहिला तर किंगपिनचा. हात डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खडखडलं तर टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा. हे काम आधी करून घ्या, टायर नंतर. पैसे एकाच महिन्यात दोन्हीला पुरत नसतील तर टायर पुढच्या महिन्यात घ्या आणि तोवर गाडी उभी ठेवा.

साईज: ५.२०-१४ चं काय करायचं

पद्मिनीची मूळ साईज ५.२०-१४. म्हणजे रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंची आणि मधली ती आडवी रेघ सांगते की हा जुन्या पद्धतीचा, क्रॉसप्लाय म्हणजे नायलॉनचा टायर आहे. जुन्या टायरला प्रोफाईलचा आकडा नसायचाच, कारण त्याची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असायची.

ही साईज हल्ली मोठ्या शोरूममध्ये सांगितली की काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये टाईप करतो, मग परत करतो, मग आत जाऊन कोणाला तरी विचारून येतो. त्यात नवल नाही. पद्मिनीचा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन पाव शतक होत आलं आणि ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे हा माल खपायचा त्यातली शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली, तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता जो काही माल फिरतोय तो आपल्यासारख्या चार हौशी लोकांसाठी, आणि म्हणूनच ५.२०-१४ मिळाला तर सगळ्यात आधी तारीख बघा, कारण दुकानाच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडलेला टायर 'नवीन स्टॉक आहे साहेब' म्हणून दिला जातो. वापरलेला नसला म्हणजे नवीन झाला असं नाही.

दुसरा रस्ता रेडियलचा, म्हणजे हल्लीच्या सगळ्या गाड्यांना येतो तो टायर. १६५/८० आर१४ ही साईज मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या मॉडेलना वर्षानुवर्षं येतेय, टूरिस्ट डिझायर तर रस्त्यावर मुंग्यांसारख्या, त्यामुळे हा टायर तालुक्याच्या गावात पण मिळतो, एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके सगळ्यांचा मिळतो आणि सतत खपतो म्हणून ताजा असतो. बजेटवाल्यासाठी हेच उत्तर आहे बहुतेक वेळा. पण डोळे झाकून घेऊ नका, गणित करा.

१६५ म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ८० म्हणजे साईडची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलीमीटर. वर आणि खाली मिळून २६४, त्यात रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवा, झाला टायरचा एकूण व्यास साधारण ६२० मिलीमीटर. आता आपला ५.२०-१४ किती आहे ते कागदावर शोधण्यापेक्षा मोजा. चाक जॅकवर उचला, टायरच्या मधोमध शिंप्याची टेप गुंडाळा, जो आकडा येईल त्याला ३.१४ ने भागा. टायर गोटा, म्हणजे झिजून गुळगुळीत, झालेला असेल तर झिजलेली नक्षी पण धरा, नवीन असताना व्यास बारा-पंधरा मिलीमीटरने जास्त असणार. चांगल्या टायरचा व्यास ६०० ते ६१० च्या आसपास येतो, म्हणजे रेडियल दोन-तीन टक्क्यांनी मोठा पडतो. याचा अर्थ स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६१-६२ ने चाललेली असेल, एवढं चालतं.

रुंदीचं मात्र जरा लक्ष द्या. मूळ टायर १३२ मिलीमीटरचा, हा १६५ चा, आणि जुन्या रिमा अरुंद असतात. रिमच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर मोजा, म्हणजे जिथे टायरचा काठ टेकतो तिथलं, बाहेरच्या ओठापासून मोजू नका. १६५/८० ला निदान ४ इंच रिम पाहिजे, साडेचार असेल तर उत्तम. साडेतीनची निघाली तर हा टायर बसवायचा नाही, बसेल तर खरा पण काठ आत ओढले जातील, मधला भाग फुगेल आणि वळणावर गाडी डुलत राहील.

मग बघा चाक कुठे घासतंय का. एखाद्या ओळखीच्या टायरवाल्याला सांगून एकच टायर एका रिमवर चढवा, पुढे लावा, स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. मग तेच चाक मागे लावून मागच्या सीटवर तीन दणकट माणसं बसवा आणि गाडी दाबून बघा, मडगार्डची कड आणि आतून स्प्रिंगचा पाटा, दोन्हीकडे एक बोट तरी जागा राहिली पाहिजे. घासत असेल तर मडगार्डची कड ठोकून वर करू नका, टायर परत करा. ज्यांची गाडी पन्नास वर्षांपुढची आहे त्यांनी तर अजिबातच नाही, २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर गाडी मूळ रूपात लागते.

तिसरा रस्ता परदेशी क्लासिक टायर. दिसतात देखणे यात वाद नाही, पण जून २०२० पासून नवीन टायरच्या आयातीवर बंधनं आहेत, परवाना लागतो, वर भाडं आणि ड्युटी. बजेटच्या लेखात याच्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात. स्टँडर्ड हेराल्डची ५.२०-१३, तिला १५५/८० आर१३ व्यासाने जवळ येतो आणि तो नव्या वॅगनआरमुळे मिळतो. अ‍ॅम्बॅसेडरची ५.९०-१५, तिला काही लोक बोलेरोचा २१५/७५ आर१५ चढवायला बघतात, तो फार रुंद आहे, नका करू. मारुती ८०० चा १४५/७० आर१२ आणि अल्टो ८०० चा १४५/८० आर१२ हे नावाला जुळे वाटतात पण दुसऱ्याचा व्यास जवळजवळ ३ सेंटीमीटरने जास्त आहे, दुकानदार 'सेमच आहे' म्हणाला तरी सेम नाही.

नायलॉन की रेडियल, आणि दोन्ही मिक्स का नाही

नायलॉन टायरची साईड जाड असते, खड्ड्यात आणि दगडधोंड्यात तो टिकतो, गाडीची मूळ चाल राहते आणि अरुंद असल्यामुळे उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला हलकं जातं. पण वेगात तो जास्त तापतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर धडधड जाणवते. रेडियल पावसात फार चांगला, झिजतो हळू, सरळ रस्त्यावर गाडी शांत चालते. पद्मिनीला पॉवर स्टेअरिंग नाही, तेव्हा पार्किंग करताना दंड भरून येतील हे लक्षात घ्या.

माझं मत विचाराल तर जी गाडी पावसात निघते, घाट चढते, हायवेला लागते तिला रेडियल. जी फक्त सोसायटीतून प्रदर्शनाला आणि प्रदर्शनातून सोसायटीत जाते तिला नायलॉन ठेवा, छान दिसते. आणि नायलॉनवर समृद्धी महामार्गाला जाऊच नका, तापलेलं काँक्रीट, तासन्तास एकसारखा वेग आणि जुना टायर हे तिन्ही एकत्र आलं की टायर फुटायला वेळ लागत नाही.

मिक्स करायचा मोह सगळ्यांना होतो, आत्ता दोन घेऊ, दोन दिवाळीत. एकाच अ‍ॅक्सलला एक रेडियल आणि एक नायलॉन कधीच नाही, अगदी आणीबाणीत स्टेपनी म्हणून लावली तर हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, बस. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे तर सगळ्यात वाईट, कारण पुढची चाकं पकडतात आणि मागची सुटतात, वळणावर गाडीचं ढुंगण बाहेर येतं आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. अगदीच नाइलाज असेल तर रेडियल मागे, नायलॉन पुढे, ते सुद्धा थोडे दिवस. त्यापेक्षा दोन महिने थांबून चार एकदम घ्या. दुकानदार चारच्या ऑर्डरला भाव पण बरा करतो आणि चारींची तारीख एक राहते.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

१६५/८० आर१४ चा भाव ब्रँडप्रमाणे चार-पाच हजारांच्या घरात असतो, सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या छापील भावाने कोणी सांगत असेल तर विचारा. पद्मिनीसाठी महागडा पॅटर्न घ्यायची काही गरज नाही. टायरवर ८५टी किंवा ८५एस असं लिहिलेलं असतं, ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एस म्हणजे १८०. आपल्या गाडीचं रिकामं वजन नऊशे किलोच्या आसपास आणि वेग तर विचारूच नका, तेव्हा यातला कुठलाही चालतो. आयएसआय मार्क मात्र बघा.

खरा स्वस्त आणि चांगला माल कुठे असतो सांगतो. नवीन गाडी घेतली की काही लोक आठवड्याच्या आत अलॉय रिमा टाकून मोठे टायर घालतात आणि कंपनीचे कोरे टायर दुकानात सोडून जातात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा तुमच्या गावातल्या मोठ्या टायरवाल्याकडे दोन-चार दिवस आधी सांगून ठेवा की १६५/८० आर१४ चा काढलेला सेट आला तर फोन करा. नक्षीवरचे ते रबराचे बारीक केस अजून शाबूत असतील आणि चारींची तारीख जवळपास असेल तर डोळे झाकून घ्या.

बाकी सेकंडहँड टायर घेताना मात्र वकिलासारखी उलटतपासणी करायची. टायर काळा कुळकुळीत चमकतोय म्हणजे पॉलिश मारलंय, फडक्याने पुसा आणि मग चिरा बघा. आतून हात फिरवा, कुठे गेटर, म्हणजे आतून ठिगळ, लावलेलं आहे का, कुठे लाट आल्यासारखं वर-खाली लागतंय का, काठाची तार कुठे उघडी पडलीय का. आणि एक फसवणूक खास बघण्यासारखी आहे, गोटा झालेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने परत कोरतात आणि नक्षी खोल दिसते. ओळखायचं कसं, तर झिजेच्या खुणेचे जे आडवे उंचवटे मी वर सांगितले ते कोरताना कापले जातात. खाचेत बोट फिरवून उंचवटा कुठेच लागला नाही तर टायर खाली ठेवा आणि दुकानातून निघा. कारच्या टायरला हे करायचं नसतं, खाली दोऱ्यावर रबरच उरत नाही. रिमोल्डचं, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेल्याचं, पण तेच, ट्रकला चालतं, आपल्याला नको.

अजून एक, 'हा मजबूत आहे, आठ प्लायचा' म्हणून टेम्पोचा किंवा व्हॅनचा टायर गळ्यात मारायला बघतात. हलक्या गाडीला तो इतका कडक पडतो की पाठ तर जातेच, पण पावसात पकडही कमी मिळते.

बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटी मागायला गेलं की कोणी ओळख देत नाही.

फिटिंगच्या दिवशी दुकानात उभे राहा

म्हणजे खरोखर उभे राहा, चहाला जाऊ नका. जुना टायर निघाला की रिम बघा, बोल्टच्या भोकांभोवती तडा आहे का, काठ वाकलाय का, गंज किती आहे. तारेच्या ब्रशने घासून, प्राइमर आणि रंग मारून, सुकवून मगच नवीन टायर. म्हणजे हे काम दोन दिवसांचं धरा, रिमा आधी काढून रंगवून घेतल्या तर बरं.

ट्यूब लागणारच. टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी. जुन्या रिमांना टायरचा काठ अडवून धरणारा तो आतला उंचवटा नसतो, रिव्हेटच्या सांध्यातून हवा पण जाते, तेव्हा 'साहेब ट्यूबलेस आहे, ट्यूब कशाला' असं म्हणाला तर ऐकू नका. ट्यूब नवीन घ्या आणि रेडियलची, त्याच साईजची, जुनी ट्यूब ताणून बसवली की घडी पडते आणि घडीवर फुटते. ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतले कागदी स्टिकर खरवडून काढायला लावा, तेच स्टिकर घासून घासून ट्यूबला भोक पाडतात, आणि आतून पावडर मारा. काठाला साबणाचं पाणी लावून चढवायचं, टॉमीने रेटारेटी नको. हवा थोडी भरून, पूर्ण सोडून, परत भरायची, म्हणजे ट्यूब आत सरळ बसते.

मग बॅलन्सिंग चारही चाकांचं आणि शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंटच्या मशीनमध्ये पद्मिनी बहुतेक सापडणार नाही, मग ते अंदाजाने कुठल्यातरी मारुतीचे आकडे लावतात. मॅन्युअलच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. एखादा जुना मिस्त्री दोरी लावून करणारा असेल तर त्याच्याकडे जा, मशीनपेक्षा बरं करून देतो. मॅन्युअलमधला टो-इनचा, म्हणजे पुढची चाकं समोरून आत किती वळलेली ठेवायची त्याचा, आकडा नायलॉन टायरसाठीचा आहे, रेडियलला थोडा कमी ठेवतात, हे त्याला आठवण करून द्या.

हवा किती

मॅन्युअलमधली हवा नायलॉनची. रेडियलला तिथून दोन ते चार पौंड जास्त ठेवून सुरुवात करा, सकाळी टायर थंड असताना. मग खडूने टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि सरळ कोरड्या रस्त्यावर थोडं अंतर जाऊन उतरून बघा. रेघ मधे पुसली गेली आणि कडांना राहिली तर हवा जास्त, दोन पौंड काढा. कडांना पुसली आणि मधे राहिली तर कमी, दोन पौंड भरा. सगळीकडे सारखी पुसली की तो आकडा लिहून ग्लव्हबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढचा आणि मागचा वेगळा येईल, येऊ दे. टायरच्या साईडला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जायचं नाही.

पहिले दोनेकशे किलोमीटर जरा सांभाळून, नवीन टायरवर साच्यातला चिकट थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, त्यात पाऊस असेल तर जास्तच. पन्नास-एक किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट परत आवळून घ्या, रंगवलेल्या रिमा बसतात आणि बोल्ट ढिले होतात.

आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर चार-पाच पौंड हवा जास्त भरून ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा दोन फूट पुढे ढकला म्हणजे टायरचा तोच भाग खाली दबून राहत नाही. महिना-दोन महिने हलणारच नसेल तर सरळ घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवा, चाकं जमिनीपासून उचलून. बाहेर काढायच्या दिवशी हवा परत त्या झाकणावरच्या आकड्याला आणून मगच निघा.